पोर्टकेर्नची खारशेत शाखा

पोर्टकेर्न अ‍ॅथलेटिक या फुटबॉल क्लबचं पुढं काय होणार, याची काळजी खुद्द स्कॉटलंडातसुद्धा फार लोक करत नसावेत. क्लब तिथल्या लीगच्या सगळ्यात खालच्या गटात, त्या गटातही बहुतेक तळाशी, आणि पोर्टकेर्न गावात सगळी मिळून आपल्या मुरूडच्या एका आळीएवढी माणसं. पण खारशेतचे अलीमियाँ मुकादम ती काळजी करत आणि नेमाने करत. आगरदांड्याच्या जेट्टीकडं जाताना डावीकडं भावेश शहाचं किराणा दुकान लागतं. तिथून आत वळलं की खारशेत. काळजी करण्यासारख्या गोष्टी तिथंही कमी नव्हत्या. गावाला रस्ता होता, वीज होती, नळाचं पाणी होतं, म्हणजे तिन्हींची काळजी होती. पण मियाँनी ती इतरांवर सोपवली होती.

मियाँ तरुणपणी जहाजावर फिटर होते. एकदा इंजिन बिघडून त्यांचं जहाज अख्खा हिवाळा पोर्टकेर्नच्या धक्क्याला पडून राहिलं. मालकानं हात वर केले. तेव्हा गावातल्या लोकांनी या खलाशांना लोकरीच्या टोप्या दिल्या, सूप पाजलं आणि दर शनिवारी मैदानावर नेऊन आपल्यात बसवलं. सूप मियाँ लगेच विसरले. क्लब मात्र सुटला नाही. पुढं ते कुवेतला गेले, परत आले, यशरा आणि धाकटी अशा दोन मुलींची लग्नं केली, घर बांधलं, गुडघा बदलून घेतला. आणि या सगळ्या काळात शनिवारी पोर्टकेर्न हरलं की रविवारी सकाळी त्यांना चहा कडू लागायचा. त्यांची बायको जहुराबी सुरुवातीला साखर वाढवून बघायची. मग तिच्या लक्षात आलं की हे साखरेचं दुखणं नव्हे.

आता तर मोबाईलवर सामने थेट दिसत. शिवाय क्लबच्या चाहत्यांचा इंटरनेटवर एक कट्टा होता. तिथं मियाँ ‘अली, कोकण’ या नावानं लिहीत. त्या कट्ट्यावर गेलं वर्षभर एकच विषय चालू होता: आपला क्लब अजून किती वर्षं तग धरणार? कुणी म्हणे पाच. कुणी म्हणे शेजारच्या गावच्या क्लबात विलीन व्हावं, म्हणजे निदान गोलकीपर तरी बरा मिळेल. कुणाला एखादा अमेरिकन धनिक येऊन सगळं विकत घेईल अशी आशा होती. एका गृहस्थानं तर आपल्या गल्लीत आता चार पोरं उरली आहेत आणि चारही बासरी शिकतात, मग पुढं खेळणार कोण, असा सवाल टाकला होता. तो वाचून मियाँ त्या दिवशी नेहमीपेक्षा दोन घास कमी जेवले.

आणि मग क्लबनं जाहीर केलं. पोर्टकेर्नचं मैदान अगदी समुद्राला लागून होतं. एका कंपनीला ती जागा हवी होती, श्रीमंतांच्या सहलीच्या बोटी उभ्या करायला. बदल्यात कंपनी डोंगराच्या पलीकडं, हमरस्त्यालगत नवं मैदान देणार होती, प्लास्टिकच्या गवताचं, आणि वर क्लबला दरवर्षी थोडी पैशाची मदत. जावं की राहावं, यावर चाहत्यांचं मतदान होतं. परदेशातल्या एकट्यादुकट्या चाहत्याला मत नव्हतं; मात्र परदेशी शाखेनं सार्वजनिक ठिकाणी सभा घेऊन ठराव केला आणि सभेचा फोटो पाठवला, तर शाखेचं एक मत धरलं जाणार होतं. खाली सही होती क्लबच्या सचिव मोराग मॅडमची.

पोर्टकेर्नच्या परदेशी शाखा दोन. एक कॅनडात, एक ऑस्ट्रेलियात. खारशेतात मियाँ एकटे. आणि एकट्या माणसाला शाखा म्हणत नाहीत, फांदीसुद्धा म्हणत नाहीत.

“तर मग माणसं जमवा,” जहुराबी म्हणाली. ती मेथी निवडत होती आणि तिला हा विषय मेथी संपायच्या आत संपवायचा होता.

मियाँ माणसं जमवायला भावेशच्या दुकानावर गेले. ही पहिली चूक. खारशेतात माणसं जमवायला काहीच लागत नाही. एखादा विषय काढावा आणि बाजूला व्हावं. अडचण येते ती त्यांना परत पाठवताना.

भावेशनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि हातातलं माप तुरीच्या पोत्यात रोवलं.

“आ तो सीधुं रिडेव्हलपमेंट छे, अलीभाई,” तो म्हणाला. “जुनी जागा द्या, नवी घ्या, वर पार्किंग मागा. माझ्या काकांनी बोरिवलीला तेच केलं. आज लिफ्टमधून जातात.”

“फुटबॉलच्या मैदानाला लिफ्ट कशाला?”

“मागून तर बघा.”

तिथं बाकावर येसाजी बसला होता. येसाजी वरच्या वाडीतला भातशेतीवाला आणि वाडीच्या कबड्डी संघाचा तहहयात अध्यक्ष. क्लब कसा चालवतात हे आपल्यापेक्षा कुणाला जास्त कळतं, हे त्याला अजून तरी कुणी दाखवून दिलेलं नव्हतं.

“जागा सोडा ओ,” तो म्हणाला. “मंडळ जागेवर टिकत न्हाय. मंडळ टिकतं सत्यनारायणावर. वर्साला एक पूजा घालायची, पोरांना जेवू घालायचं, की पोरं दुसऱ्या संघात जात न्हाईत. तिकडं घालतात का?”

“ते ख्रिश्चन लोक आहेत, येसाजी.”

“मंग त्यांच्यात जे काय असंल ते घाला म्हनावं. शिरा तर करता येतोय ना?”

मियाँनी शिऱ्याबद्दल मोराग मॅडमना कळवतो असं सांगून सुटका करून घेतली. एवढ्यात अनंता आला. अनंता तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्याच्यातला अव्वल कारकून काही निवृत्त झाला नव्हता. त्यानं सगळं प्रकरण ऐकलं, डोळे मिटले आणि म्हणाला, “सभा म्हटली की नोटीस आली. नोटीस म्हटली की सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आली. तुम्ही यात पडू नका. मी बघतो.”

ही दुसरी चूक. आणि ती मियाँनी ‘फार उपकार होतील’ असं म्हणून केली.

दुसऱ्या दिवशी दोघे ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक रचना मॅडम नव्यानंच आल्या होत्या. कामाला कडक, पण वागायला चांगल्या. त्यांनी ‘सभागृह मिळणेबाबत’ असा अर्ज वाचला आणि चष्मा वर केला.

“चाचा, फुटबॉल हॉलमध्ये कसा खेळणार? फरशी आत्ताच नवी बसवलीय.”

“खेळायचं नाहीये, मॅडम. बोलायचं आहे.”

“फुटबॉलवर?”

“क्लबच्या भवितव्यावर.”

रचना मॅडमनी पेन खाली ठेवलं. “क्लब? म्हणजे पत्त्यांचा?”

“तोबा! फुटबॉलचा क्लब.”

“मागच्या गावी पण व्यायामाचाच म्हणाले होते. मग रात्री बारा टेबलं सापडली. इथं तर महिला ग्रामसभेनं ठरावच केलाय, गावात क्लब नको. मी परवानगी दिली तर बायका माझ्या टेबलावर येऊन बसतील.”

सगळ्या आयुष्यात पानाचासुद्धा शौक न केलेले अलीमियाँ त्या दिवशी जुगाराच्या संशयात उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले. ते जहाजावरच्या आवाजात काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात अनंतानं त्यांच्या कोपराला धरून बाहेर आणलं.

“शब्द आडवे येतात,” अनंता म्हणाला. “शब्द काढून टाकू.”

त्यानं नवा अर्ज लिहिला. त्यातून ‘फुटबॉल’ काढला, कारण फरशी. ‘क्लब’ काढला, कारण महिला ग्रामसभा. जे उरलं ते फारच उघडंबोडकं दिसायला लागलं, म्हणून अनंतानं त्यावर कचेरीतले ठेवणीतले शब्द चढवले. रचना मॅडमनी तो अर्ज पसंत केला आणि नोटीस संगणकावर घ्यायला दिली. संगणकानं पोर्टकेर्नचे दोन तुकडे केले. संध्याकाळी पंचायतीच्या फळ्यावर, भावेशच्या दुकानावर आणि एस.टी. थांब्यावर नोटीस लागली:

‘पोर्ट केर्नचे दीर्घकालीन भवितव्य, किनाऱ्यालगतच्या जागेचे हस्तांतरण व पुनर्वसन याबाबत नागरिकांची मते अजमावणेकामी रविवारी जाहीर सभा. निमंत्रक: श्री. अलीमियाँ मुकादम.’

मियाँनी ती वाचली आणि त्यांना ती भारदस्त वाटली. स्वतःचं नाव छापील अक्षरात बघून माणसाची बुद्धी थोडी मंदावते. त्यांनी घरी जाऊन भाषणाची तयारी सुरू केली. भाषणाचा भर क्लबच्या सोळा वर्षांखालच्या संघावर होता.

या किनाऱ्यावर ‘पोर्ट’ हा शब्द लोकांना झोपेतही ऐकू येतो. त्याच्यापुढं ‘जागा’ आणि ‘पुनर्वसन’ असेल तर झोपच येत नाही. सोमवारी सकाळी जहुराबी मच्छी आणायला गेली ती रिकाम्या पिशवीनं परत आली.

“यशराचे अब्बा, तुम्ही काय करून बसलाव?” तिनं दारातूनच विचारलं. “जनीनं मला बघितलं आन् टोपलीवर फडका टाकला. पापलेट होतं ताजं. मी डोळ्यांनी बघितलं. म्हनते, पोर्टवाल्यांना मच्छी न्हाय.”

“कोण पोर्टवाले?”

“तुम्ही!”

जनी म्हणजे कोळीवाड्यातली सगळ्यांत जुनी मच्छीवाली. तिच्या टोपलीवर फडका पडला की पाठोपाठ सगळ्या टोपल्यांवर पडायचा. मुकादमांच्या घरी त्या आठवड्यात मेथी, वांगी आणि पुन्हा मेथी अशी जेवणं झाली. कोकणी मुसलमानाच्या घरात हे सुतकाच्याही वर.

मंगळवारी काळा चष्मा लावलेला एक गृहस्थ मोटारीतून आला, त्यानं मियाँच्या पायांना हात लावला आणि पेढ्यांचा खोका ठेवला. “चाचा, पोर्ट नक्की कुठल्या सर्व्हे नंबरपासून सुरू होतं, एवढंच सांगा. बाकी मी कुणाला बोलत नाही.” मियाँ म्हणाले, पोर्टकेर्न स्कॉटलंडात आहे. गृहस्थानं डोळा मारला. “म्हणजे परदेशी कंपनी. वाटलंच मला.” तो खोका तसाच ठेवून गेला आणि दुपारपर्यंत साऱ्या तालुक्यात परदेशी कंपनी झाली.

मुंब्र्याहून एका मावसभावाचा फोन आला. वाडवडिलांच्या किनाऱ्याकाठच्या तुकड्यावरून त्यानं मियाँशी अबोला धरला होता, तो या निमित्तानं सोडला. तब्येतीची चौकशी केली आणि तुकड्याचीही केली. दोन शेतकरी आपापल्या पोरांना घेऊन आले. पोरांना पोर्टात चिकटवावं, पोरगा बारावी आहे, क्रेन शिकेल. जुम्म्याच्या नमाजेला मियाँच्या डाव्या बाजूला एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी राहिली आणि उजव्या बाजूला येऊन बसण्यासाठी तिघांची ढकलाढकली झाली. डावी बाजू विरोधकांची होती, उजवी कंत्राटाची आशा असलेल्यांची. स्कॉटलंड, फुटबॉल, क्लब हे तिन्ही शब्द मियाँनी घसा बसेपर्यंत उच्चारले. पण जो माणूस फारच नाकारतो त्याच्या हातात नक्की काहीतरी आहे, असा खारशेतचा अनुभव होता.

शनिवारी जनी स्वतः दारात आली. पाठीमागं कोळीवाड्यातल्या सात-आठ बायका.

“मियाँ, तुमी आन् आमी एकाच खाडीत पवायला शिकलो,” ती म्हणाली. “तुमच्या आईनं माज्याकडनं उधार मच्छी खाल्ली. आन् तुमी कंपनीचं मानूस झालाव?”

“जनीबाय, अल्लाकसम, तिथं फुटबॉल खेळतात.”

“उद्या सगल्यांपुढं सांगा,” ती म्हणाली आणि बायका वळल्या. त्यातली एक जाता जाता जहुराबीला म्हणाली, “तुमची चूक न्हाय ओ.” जहुराबीला हे जास्त लागलं.

मियाँ तडक अनंताकडं गेले. सभा रद्द करायची. आत्ताच्या आत्ता.

“करता येईल,” अनंता म्हणाला. “पण रद्द करायची तर रद्द केल्याची नोटीस लावावी लागेल. ती वाचून लोक काय म्हणतील? जमिनीचा व्यवहार गुपचूप झाला म्हणतील. मग आज टोपलीवर फडका आहे, उद्या तुमच्या खिडकीवर दगड येईल. घ्या सभा. प्रोसिडिंग मी लिहितो.”

रविवारी हॉल भरला, ओटा भरला, खिडक्यांचे गज धरून माणसं लोंबकळली. कोळीवाडा झाडून आला होता. वाड्यांवरून टेम्पो आले. येसाजीनं शांतता राखण्यासाठी कबड्डी संघ आणला होता आणि तो संघ ओळीनं मांड्या ठोकत उभा होता, त्यामुळं शांतता आणखी बिघडत होती. पोलीस ठाण्यातून दोन हवालदार बंदोबस्ताला आले होते. पुढच्या रांगेत एक कापडी फलक होता: ‘किनारा आमच्या हक्काचा’. रचना मॅडम अध्यक्षस्थानी बसल्या होत्या आणि आपली नवी फरशी बघत होत्या. ती आता कुठं दिसतच नव्हती.

मियाँ माईकपुढं उभे राहिले. माईकनं शिट्टी घातली. “बंधूभगिनींनो, सोळा वर्षांखालच्या संघाविषयी...” एवढं त्यांनी म्हटलं आणि हॉलमधून एकच आरोळी उठली. “पोर्ट हटाव!”  मियाँ वादळात इंजिनरूममध्ये उतरले होते, चाचे दिसतात त्या पाण्यातून गेले होते. पण आपल्याच गावानं आपल्यावर ओरडावं, हे त्यांना नवं होतं. क्षणभर त्यांना वाटलं, माईक ठेवावा, घरी जावं आणि यापुढं शनिवारी संध्याकाळी बागकाम करावं.

जनी खुर्चीवर चढली आणि तिनं नुसता हात वर केला. हॉल गप्प झाला.

“सरळ सांगा, मियाँ. जागा कुनाची चाललीय?”

मियाँनी भाषणाचा कागद खिशात घातला. “तुमची नाही,” ते म्हणाले. “इथं कुणाचीच नाही. तिकडं, पार विलायतेच्या वरच्या टोकाला, एक गाव आहे. मच्छीमारांचंच गाव होतं ते. तिथल्या पोरांचं खेळायचं मैदान समुद्राला लागून आहे. भरतीला लाट भिंतीवरून आत येते. मी तिथं अडकलो होतो तेव्हा त्या लोकांनी मला तिथं बसवलं होतं. ती जागा आता एका कंपनीला पाहिजे. मोठ्या लोकांच्या बोटी लावायला.”

 मियाँनी भावेशकडं बघितलं. ऐनवेळी असू द्यावा म्हणून भावेशनं दुकानातला टीव्ही आणून ठेवला होता. त्याला मोबाईल जोडून एक जुना सामना लावला. पडद्यावर पोर्टकेर्नचं मैदान आलं. करडं आभाळ, ठेंगणी भिंत, मागं खवळलेला समुद्र. एका खेळाडूनं लाथ घातली, ती लागायला नको तिथं लागली आणि चेंडू भिंतीवरून समुद्रात गेला. मग एका लहान होडीतून एक म्हातारा वल्ही मारत गेला आणि जाळ्याच्या काठीनं चेंडू उचलून आला.

कोळीवाड्याच्या बाजूनं पहिल्यांदाच हसू आलं.

“तो कोन?” जनीनं विचारलं.

“चेंडू आणणारा. दर सामन्याला असतो. आधी त्याचा बाप आणायचा.”

“होडी बरी वल्हवतो. आन् ती नवी जागा कुटं हाय?”

“डोंगरापलीकडं. हायवेवर.”

“मंग ह्यानं काय करायचं?”

मियाँना हा प्रश्न आजवर पडला नव्हता. कट्ट्यावरही कुणाला पडला नव्हता. तिथं सगळे क्लब किती वर्षं टिकणार याचंच बोलत होते. “त्याचं काही ठरलेलं नाही,” ते म्हणाले. “त्याला कुणी विचारलेलं दिसत नाही.”

जनी हॉलकडं वळली. “बघा. तिकडं बी तेच. होडीवाल्याला कोन इचारत न्हाय.”

त्यानंतर सभा मियाँच्या हातात राहिली नाही. एकानं विचारलं, कंपनीनं जनसुनावणी घेतली का? दुसऱ्यानं विचारलं, प्लास्टिकच्या गवताचं पाणी उतरणार कुठं? डाव्या कोपऱ्यातला हवालदार आपल्या सासऱ्यांची अशीच गेलेली जागा सांगायला लागला आणि दुसऱ्या हवालदाराला त्याला आवरावं लागलं. भावेशनं पार्किंगचा मुद्दा मांडून बघितला. येसाजीनं नुसतं त्याच्याकडं बघितलं. भावेश खाली बसला आणि तटस्थ राहिला. काळ्या चष्म्याचे गृहस्थ मागच्या दारानं गेले. पेढ्यांचं कुणी काही बोललं नाही.

अनंतानं ठराव वाचला: “पोर्टकेर्न येथील किनाऱ्यालगतच्या मैदानाचे हस्तांतरणास खारशेत येथील समस्त नागरिकांचा तीव्र विरोध असून, होडीधारकाचे उपजीविकेचा विचार व्हावा.” रचना मॅडमनी हात वर करायला सांगितले. सगळे हात वर गेले, गजांना धरलेलेसुद्धा, त्यामुळं खिडकीवरून तीन माणसं खाली पडली. त्याच वेळी भावेशनं फोटो काढला. फलक, मुठी, मांड्या ठोकणारा कबड्डी संघ, दोन हवालदार आणि मधोमध माईक धरलेले अलीमियाँ.

मियाँनी तो फोटो मोराग मॅडमना पाठवला. सोळा वर्षांखालच्या संघाबद्दल आपण एक वाक्यही बोलू शकलो नाही, याची रुखरुख त्यांना होतीच. पण सोमवारी जनीनं स्वतः दारात येऊन सुरमई ठेवली, तेव्हा जहुराबीनं ती रुखरुख ऐकून घ्यायला नकार दिला.

मोराग मॅडमचं उत्तर लगेच आलं. आभार मानून त्यांनी दोन गोष्टी विचारल्या होत्या. एक, सगळे सुखरूप आहेत ना? दोन, फलकावर काय लिहिलंय? मियाँनी कळवलं: एक, खिडकीतले तिघे सोडून सगळे. दोन, किनारा आमच्या हक्काचा.

हा फोटो पोर्टकेर्नच्या सभेत भिंतीवर मोठा करून दाखवला म्हणे. कॅनडाच्या शाखेच्या फोटोत सहा माणसं आणि एक कुत्रं होतं. मतदान झालं आणि अगदी थोडक्या फरकानं मैदान राहिलं. त्यात खारशेतचं मत एकच होतं. पण मोराग मॅडमनी लिहिलं की फोटो बघून बरेच जण उगाच घसा साफ करत होते.

खारशेतनं हा विजय साजरा केला आणि लगेच शाखेची रीतसर कार्यकारिणी निवडली. अध्यक्ष येसाजी, कारण अनुभव. उपाध्यक्ष जनी. सचिव अनंता. खजिनदार भावेश, तटस्थ राहिल्याबद्दल. अलीमियाँना एकमतानं सल्लागार नेमलं. सल्लागाराला मत नसतं, असं अनंतानं घटनेत घातलं होतं.  त्या दिवशी रविवार नसूनही मियाँना चहा कडू लागला.

तिकडं मैदान राहिलं, पण कंपनी गेली आणि कंपनीबरोबर तिची मदतही गेली. बरे खेळाडू बऱ्या क्लबात निघून गेले. पोर्टकेर्न आधी अधूनमधून जिंकायचं, ते आता नियमित हरायला लागलं. जिथून खाली जायला जागा नाही अशी मियाँची समजूत होती त्या गटाच्याही खाली एक गट होता, आणि मोसमातला शेवटचा सामना निदान बरोबरीत सुटला नाही तर तिथं जावं लागणार होतं.

तो सामना खारशेतनं हॉलमध्ये बघितला. मियाँ मगरिबची नमाज पढून पोचले तेव्हा सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. पडद्यापुढं अध्यक्ष बसले होते आणि गोलकीपरला सामन्याआधी शिरा भरवायला हवा होता असं सांगत होते. मियाँ दाराशी उभे राहिले. थोड्या वेळानं जहुराबी आली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पोर्टकेर्नचा सामना बघायला ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती. तिनं सरकून एका बाकावर मियाँना अर्धी जागा करून दिली.

सामना बराच वेळ बरोबरीत चालला. येसाजीसुद्धा शिरा विसरला. मग अगदी शेवटी समोरच्या संघाचा एक उंच गडी धावत आला, चेंडू त्याच्या डोक्याला लागला की खांद्याला हे कुणालाच कळलं नाही, आणि तो जाळ्यात गेला. पंचांनी शिट्टी वाजवली. पडद्यावर पोर्टकेर्नचे खेळाडू गवतावर बसले. हॉलमध्ये कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला.

मियाँना हे सगळं माहितीचं होतं. आता माणसं उठतील, कपडे झटकतील, गेलं तर गेलं म्हणतील आणि उद्यापासून दुकानावर दुसरा विषय निघेल. निघायलाच हवा. त्यांनी गुडघ्यावर हात टेकून उठायची तयारी केली.

कुणी उठलं नाही.

“आता हा खालचा गट,” येसाजी मागं वळून म्हणाला, “त्यात कोन कोन हाय?”

सगळा हॉल मागं वळला. अनंतानं पेन काढलं. मियाँना कळेना की हे आपल्याला विचारताहेत. जहुराबीनं कोपर मारलं तेव्हा ते उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला आणि एकेका संघाची नावं घेतली. कुठलं गाव, केवढं मैदान, कोण लाथा मारून खेळतं, कुणाच्या गोलकीपरला डावीकडचं दिसत नाही.  बोलता बोलता ते सोळा वर्षांखालच्या संघावर आले, तेही लोकांनी ऐकून घेतलं.

“आन् ह्यांच्यात समुद्र कुनाजवल हाय?” जनीनं विचारलं.

मियाँनी मनातल्या मनात सगळी गावं फिरून बघितली.

“कुणाजवळच नाही. सगळे डोंगराकडचे.”

“मंग काय,” जनी म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेत उठली, “चढू परत.”